फिरंगी दप्तरें, त्यांचें मुद्रण आणि तारखांचा मेळ

जालना जिल्ह्यांतील तीर्थपुरीसारख्या गांवीं बसून लिस्बन, लंडन किंवा हेग येथील कागदांचा विचार करणें प्रथमदर्शनीं विसंगत वाटेल. परंतु सतराव्या शतकांतील मराठ्यांचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे, त्यास हा विचार टाळतां येत नाहीं. आपल्या शकावल्या एखाद्या ओळींत घटना सांगून मोकळ्या होतात, व बखरी बहुधा मागाहून रचलेल्या आहेत. उलट फिरंगी वखारवाला घटना ताजी असतांच मालकास हिशेब देण्यासाठीं लिहितो. तो पक्षपाती असेल, पुष्कळदां अज्ञही असेल. पण त्याचा कागद समकालीन असतो, एवढें त्याचें मोल निर्विवाद आहे.

हें साहित्य दूरस्थ अभ्यासकाच्या हातीं आलें तें मुद्रणामुळें. गोव्यांत कुन्य रिव्हार यांनीं इ. स. १८५७ पासून जुनीं पोर्तुगीज पत्रें छापण्याचा उपक्रम केला. बटावियाच्या किल्ल्यांतील डच रोजनिशी १८८७ ते १९३१ या काळांत ३१ खंडांत छापली गेली. इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहाराचे विल्यम फॉस्टर यांचे १३ खंड १९०६ ते १९२७ या अवधींत निघाले. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें १९३१ सालीं शिवछत्रपतींविषयींचे इंग्रजी कागद एकत्र प्रसिद्ध केले. त्याच कार्यालयाच्या शिवकालीन पत्रसारसंग्रहांत फारसी, मराठी व फिरंगी साधनांचे सारांश कालानुक्रमानें लावलेले आहेत. सारांशानें दिशा कळते. प्रमाण मात्र मूळ पाठच होय, हें येथें विसरूं नये.

या छापील साधनांचा उपयोग करतांना जो घोटाळा वारंवार होतो, तो तारखांचा होय. पोर्तुगालनें इ. स. १५८२ सालींच सुधारलेली ग्रेगरीय गणना स्वीकारली. डच कंपनीचे कागदही तिलाच अनुसरतात. इंग्रजांनीं मात्र १७५२ पर्यंत जुनी जूलियन गणना सोडली नाहीं. या दोहोंत सतराव्या शतकांत १० दिवसांचें व इ. स. १७०० च्या फेब्रुवारीनंतर ११ दिवसांचें अंतर पडतें. शिवाय त्या काळीं इंग्रजांचें नवें वर्ष २५ मार्चास लागे. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी व मार्चचा बराच भाग यांतील इंग्रजी पत्रांवर पुष्कळदां मागील सन असतो.

उदाहरणार्थ, महाराजांचे लोक सुरतेंत शिरले तो दिवस इंग्रजी गणनेनें ६ जानेवारी होय. सन मात्र त्यांच्या चालीप्रमाणें १६६३ चा, आपल्या चालीप्रमाणें १६६४ चा. डच लेखकास तोच दिवस १६ जानेवारी १६६४. दोन्ही गणनांत वार मात्र एकच, बुधवार. गणना बदलली तरी वार बदलत नाहीं. म्हणून कागदावर वार असेल तर तोच सर्वांत विश्वासू साक्षी समजावा. वसईच्या तहाचेंही असेंच आहे. पोर्तुगीज तारीख १६ मे १७३९, जुन्या गणनेची ५ मे. हें न ओळखतां दोन ग्रंथांतून दोन तारखा उचलणारा लेखक एका प्रसंगाचे दोन प्रसंग करून बसतो.

वारासंबंधींही एक सावधगिरी अवश्य आहे. आपला वार सूर्योदयास लागतो, युरोपीयांचा मध्यरात्रीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत राज्यारोहण शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारीं, तीन घटिका रात्र उरली असतां झाल्याची नोंद आहे. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटें. ही वेळ शनिवारच्या पहांटेची, म्हणजे जुन्या गणनेनें ६ जून १६७४ ची होय. रायगडावर त्या समारंभास हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनचा वृत्तान्त याच गणनेंतला आहे. पोर्तुगीज कागदांत तोच दिवस १६ जून ठरेल. तात्पर्य, शुक्रवार व शनिवार यांत येथें विरोध नाहीं. दिवस मोजण्याची रीत तेवढी निराळी.

यावरून प्रकाशकाचें कर्तव्य स्पष्ट होतें. मूळ तारीख जशीच्या तशी छापावी; रूपांतर कंसांत वेगळें द्यावें; गणना कोणती तें सांगावें. तारीख गुपचूप सुधारणारा संपादक पुढील अभ्यासकाचा पुरावाच नष्ट करतो.

आतां या क्षेत्रांत प्रवेश कसा मिळावा? डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचें उदाहरण मार्गदर्शक आहे. गोव्यांत जन्मलेल्या या संशोधकानें पोर्तुगीज भाषा व तिचीं जुनीं हस्ताक्षरें आत्मसात केलीं, गोव्याच्या दप्तराची व्यवस्था पाहिली, व राज्यमंडळाच्या ठरावांचे पांच खंड १९५३ ते १९५७ या काळांत संपादिले. मराठ्यांविषयींचें त्यांचें पोर्तुगीज लेखन पुणें विद्यापीठानें १९६७ सालीं मराठींत आणलें. युरोपाच्या त्या शतकांवर लिहिणाऱ्या तिकडील पंडितांसही गोव्याच्या कागदांवांचून चालत नाहीं. मात्र शेजारी राजांशीं झालेल्या व्यवहाराचा उलगडा करण्यास मोडी वाचणारा माणूस लागतो, व तो त्यांच्यापाशीं क्वचितच असतो. हीच आपल्या तरुणांची संधि. मोडीबरोबर जुनी पोर्तुगीज किंवा डच भाषा जो शिकेल, त्याचें काम दोन्ही खंडांत मागितलें जाईल. डच कंपनीच्या हेग येथील दप्तराचीं लक्षावधि पृष्ठें आतां छायाचित्ररूपानें घरबसल्या विनामूल्य पाहतां येतात. दूरत्वाची सबब उरलेली नाहीं. उरली आहे ती वाचणाऱ्यांची उणीव.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, आपल्या रुमालांत गोवें, वसई, सुरत किंवा मुंबई यांचा उल्लेख असलेला कागद आढळल्यास तो किरकोळ समजून बाजूस टाकूं नये. त्याची तिथि, वार व शिक्का उतरून घ्यावा आणि नक्कल प्रसिद्धीस द्यावी. त्याचें उत्तर कदाचित् समुद्रापलीकडील एखाद्या पुस्तकांत सुरक्षित असेल. आपल्याकडील अर्ध्या भागास कसर लागली, तर तें उत्तर कोणत्या प्रश्नाचें हें मग कोणासही सांगतां येणार नाहीं.