अल्डोस्टेरॉनला कोणी बोलावलं?

मागच्या वेळी आपण मूत्रपिंडातल्या नळीच्या शेवटच्या टप्प्यावर येऊन थांबलो होतो. आज त्या टप्प्यावर ज्याची सत्ता चालते त्या संप्रेरकाबद्दल, अल्डोस्टेरॉनबद्दल बोलायचं आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. औषधाची मात्रा सांगणं हे आमचं काम नव्हे, ती तुमचे डॉक्टर सांगतील. पण एखाद्या खुणेवरून कारण कसं ओळखावं, आणि ओळखताना आपण कुठे घसरतो, हा आमचा जुना विषय आहे. अल्डोस्टेरॉनची गोष्ट बरीचशी याच प्रश्नाभोवती फिरते.

तीन माणसं डोळ्यांसमोर आणा.

पहिला माणूस ॲमेझॉनच्या जंगलातला यानोमामी. उत्तर ब्राझील आणि दक्षिण व्हेनेझुएला इथे हे लोक राहतात. जेवणात वरून मीठ घालण्याची पद्धतच त्यांच्याकडे नव्हती. १९७५ साली त्यांच्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचं अल्डोस्टेरॉन आपल्यासारख्या मीठ खाणाऱ्यांच्या मानाने खूपच जास्त निघालं. माणसं मात्र धडधाकट, रक्तदाब कमी, आणि वय वाढलं तरी तो वाढत नाही.

दुसरी एक ३४ वर्षांची बाई. १९५४ साली ती अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन या डॉक्टरांकडे आली. हातापायांत पेटके, अंगात त्राण नाही, रक्तदाब चढलेला, रक्तातलं पोटॅशियम फार खाली. हिचंही अल्डोस्टेरॉन जास्तच.

तिसरा पेशंट तुमच्या वॉर्डमधला. हृदय कमजोर झालेलं, पायांना सूज, अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो. रात्री आडवं झोपवत नाही, पाठीशी तीन उशा लागतात. याचंही अल्डोस्टेरॉन वाढलेलं.

रिपोर्टवरचा आकडा तिघांचा सारखा दिसेल, पण एक निरोगी आहे, एकीला गाठ आहे आणि एकाच्या अंगात पाणी भरलंय. तेव्हा "अल्डोस्टेरॉन वाढलं म्हणजे काय?" या प्रश्नाला थेट उत्तर नाही. आधी विचारायचं ते हे, की त्याला बोलावलं कोणी?

त्याआधी बोलावल्यावर ते करतं काय, एवढं बघून घेऊ. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. तिच्या सालीच्या अगदी बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं. १९५३ साली लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी, बाझलच्या शास्त्रज्ञांच्या साथीने, ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. (या दोघांनी पुढे लग्न केलं. संप्रेरकांच्या इतिहासात असंही होतं.)

आता जरा हिशेब करू. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यात विरघळलेला सोडियम मिठाच्या भाषेत मांडला, तर जवळजवळ दीड किलो मीठ होतं. रोजचं दीड किलो! एवढं मीठ लघवीवाटे गेलं, तर माणूस संध्याकाळ बघणार नाही. म्हणून त्यातलं बहुतेक सगळं नळीच्या आधीच्या भागांतच परत घेतलं जातं, आणि तिथे अल्डोस्टेरॉनचा फारसा संबंध नसतो. त्याच्या हातात उरतात शेवटचे दोन-तीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम मीठ झालं. एक माणूस दिवसभरात खातो त्याहून ते जास्तच आहे. महिन्याचा ताळेबंद जसा शेवटच्या चार रुपयांवर जुळतो किंवा फसतो, तसं हे आहे.

नळीच्या शेवटच्या भागातल्या पेशीला दोन बाजू असतात. एक लघवीकडे, दुसरी रक्ताकडे. लघवीकडच्या भिंतीत सोडियमसाठी दारं आहेत, रक्ताकडच्या भिंतीत पंप आहे. पंप तीन सोडियम रक्ताकडे ढकलतो आणि बदल्यात दोन पोटॅशियम पेशीत घेतो. अल्डोस्टेरॉन रक्तातून पेशीत शिरतं, आत त्याचा ग्राहक म्हणजे रिसेप्टर असतो त्याला जाऊन चिकटतं, आणि ही जोडी केंद्रकात जाऊन जनुकांना कामाला लावते. नवी प्रथिनं तयार होतात, दारं वाढतात, पंप वाढतात. या सगळ्याला वेळ लागतो, तासाभराने परिणाम दिसायला लागतो. ॲड्रिनलीनसारखं सेकंदात धावून येणारं हे संप्रेरक नव्हे.

सोडियम दारातून आत गेला, की नळीत ऋणभार उरतो. तो भरून काढायला पेशीतलं पोटॅशियम नळीत उतरतं आणि लघवीबरोबर जातं. म्हणून सोडियम राखायचा तर पोटॅशियम मोजून द्यावं लागतं. शेजारच्या दुसऱ्या पेशी हायड्रोजनही बाहेर टाकतात, त्यामुळे अल्डोस्टेरॉन फार झालं की रक्त क्षारधर्मी होतं.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. "सोडियम राखला म्हणजे रक्तातला सोडियम वाढणार," असं लिहितात. तसं होत नाही, कारण सोडियमच्या मागोमाग पाणीही येतं. रिपोर्टवरचा सोडियम साधारण होता तिथेच राहतो, वाढतं ते अंगातलं एकूण पाणी. म्हणून अल्डोस्टेरॉनचं काम रिपोर्टपेक्षा वजनकाट्यावर आधी दिसतं. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा असं तुम्हाला शिकवतात ते याचसाठी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नव्हे.

आता बोलावण्याकडे येऊ. बोलावणारे मुख्यतः दोघं. एक म्हणजे स्वतः पोटॅशियम. रक्तात ते वाढलं, की अधिवृक्क ग्रंथीला थेट कळतं. यात मध्यस्थ नाही, गैरसमजाला जागाही थोडी.

दुसरं बोलावणं लांबच्या रस्त्याने येतं. मूत्रपिंडात शिरणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत काही पेशी दाबावर लक्ष ठेवून असतात. दाब उतरला, नळीतून जाणारं मीठ कमी झालं किंवा मज्जातंतूंनी इशारा दिला, की त्या रेनिन सोडतात. (रेनिन १८९८ सालीच सापडलं होतं, स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांना. म्हणजे निरोप्या आधी सापडला आणि निरोप कोणाला होता ते पन्नासाहून अधिक वर्षांनी कळलं.) यकृताने तयार केलेल्या एका प्रथिनाला रेनिन कापतं, त्यातून अँजिओटेन्सिन एक तयार होतं. मुख्यतः फुफ्फुसातलं एक एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन दोन करतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अधिवृक्क ग्रंथीला सांगतं, अल्डोस्टेरॉन सोड.

मूत्रपिंड इथे काय करतं ते नीट बघा. अंगात पाणी किती आहे हे त्याला दिसत नाही. आपल्याकडे येणारा प्रवाह आणि दाब, एवढंच त्याला कळतं. त्यावरून ते अनुमान करतं. आमच्या न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण आहे, डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे. मूत्रपिंड म्हणतं, प्रवाह कमी झाला, म्हणून पाणी गेलं. जुलाब झाले, रक्त गेलं, उन्हात घाम फार आला, अशा वेळी हे अनुमान अगदी बरोबर असतं आणि जीव वाचवतं. पण धूर असेल तिथे अग्नी असतोच, तसं प्रवाह कमी असेल तिथे पाणी गेलेलं असतंच, असं नाही. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. खूण तीच, पण ती दुसऱ्या ठिकाणीही सापडते.

आता आपल्या तिसऱ्या पेशंटकडे परत या. त्याच्या अंगात पाणी भरपूर आहे, पायांत आहे, फुफ्फुसात आहे. पण हृदय ढकलू शकत नाही, म्हणून मूत्रपिंडाला प्रवाह कमी मिळतो. मूत्रपिंड प्रामाणिकपणे म्हणतं, पाणी संपत आलंय, वाचवा. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, सगळे आपापलं काम चोख करतात. मीठ राखलं जातं, पाणी वाढतं, सूज वाढते, हृदयावरचा भार वाढतो, आणि प्रवाह आणखी कमी होतो. या साखळीतला एकही जण आळशी नाही की बिघडलेला नाही. चूक अनुमानात आहे. पुस्तकात याला "दुष्टचक्र" म्हणतात. आम्हाला तो शब्द आवडत नाही, कारण यात दुष्ट कोणीच नाही.

यानोमामीचं अनुमान खरं आहे. मीठ खरोखरच कमी आहे, म्हणून रेनिन जास्त, म्हणून अल्डोस्टेरॉन जास्त. आणि कॉन यांच्या बाईला तर कोणी बोलावलंच नव्हतं. डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा अधिवृक्क ग्रंथीत गाठ सापडली. ती न विचारता अल्डोस्टेरॉन ओतत होती. गाठ काढल्यावर बाई सुधारली. अशा पेशंटमध्ये रेनिन दबलेलं असतं, कारण मूत्रपिंडाला दाब भरपूर मिळतो आणि ते गप्प बसतं. म्हणून डॉक्टर दोन्ही तपासण्या एकत्र लिहितात. रेनिन ही बोलावण्याची साक्ष आहे. चौथी शक्यताही आहे, ॲडिसनच्या आजाराची. तिथे अधिवृक्क ग्रंथीच निकामी झालेली असते. मूत्रपिंड हाका मारून थकतं, ओ द्यायला कोणी नाही. रेनिन वर, अल्डोस्टेरॉन खाली, पोटॅशियम वर, रक्तदाब खाली, आणि पेशंटला मिठाची विलक्षण ओढ. अशा पेशंटची रोजची गोळी दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनच्या गडबडीत चार्टवर लिहायची राहिली, तर जिवावर बेतू शकतं.

हृदयविकाराच्या पेशंटमधलं हे खोटं बोलावणं थांबवायचं कसं? एक उपाय म्हणजे निरोप पोहोचला तरी दार उघडू न देणं. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनच्या ग्राहकाची जागा अडवून बसतं. १९९९ साली रेल्स नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र हृदयविकाराचे १,६६३ पेशंट, मात्रा दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम, आणि मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी. बातमी मोठी होती. डॉक्टरांनी औषध भराभर लिहायला सुरुवात केली.

पण अल्डोस्टेरॉनची वाट अडवली, की पोटॅशियमची बाहेर जायची वाटही अडते. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात नंतर हिशेब काढला गेला. हृदयविकारासाठी नुकतेच रुग्णालयात राहून गेलेले आणि एसीई इनहिबिटर घेणारे जे वयस्क पेशंट होते, त्यांच्यात पोटॅशियम वाढल्यामुळे दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं. २००१ पर्यंत ते हजारी ११ झालं. चाचणीत ज्यांचं मूत्रपिंड आधीच थकलेलं होतं किंवा पोटॅशियम आधीच जास्त होतं, त्यांना घेतलंच नव्हतं. बाहेरच्या जगात त्यांनाही औषध मिळालं, आणि रक्त तपासायचं राहून गेलं. पुढे स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या अभ्यासात दिसलं, की औषधाचा वापर वाढूनही पोटॅशियमचा त्रास तसा वाढला नाही. तिथे रक्ताच्या तपासण्या जास्त होत होत्या.

इथे तुमचं काम डॉक्टरांच्या कामाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि हे आम्ही तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. गोळी देण्याआधी शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट कोण बघतं? तुम्ही. साधारण ३.५ ते ५ ही मर्यादा तुम्हाला पाठ आहे. घरून आलेलं शहाळं उशाशी कोणाला दिसतं? "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं म्हणून आम्ही ते लो सोडियम मीठ आणलं," असं पेशंटची सून कोणाला सांगते? त्या मिठात सोडियम कमी केलेला असतो तो पोटॅशियम घालून. म्हणजे ज्या पेशंटची पोटॅशियमची वाट आपण बंद केली, त्यालाच घरचे प्रेमाने पोटॅशियम खाऊ घालतात. डॉक्टरांच्या राउंडला ही सून बहुधा तिथे नसते.

आणि अनुमानाची चूक आपल्याही हातून होते. रक्त घेताना पट्टा फार वेळ आवळलेला राहिला, पेशंटला मूठ पुन्हा पुन्हा उघडमिट करायला लावली, सिरिंज जोरात ओढली, तर पेशींतलं पोटॅशियम नमुन्यात उतरतं आणि रिपोर्ट खोटाच वाढलेला येतो. तथापि "नमुनाच बिघडला असेल" म्हणून गप्प बसणं याहून धोक्याचं. वाढलेला आकडा लगेच कळवायचा, ईसीजी काढायचा, नमुना पुन्हा पाठवायचा. खोटा ठरला तर आनंदच आहे.

जाता जाता, मघाशी एका विद्यार्थिनीने चिठ्ठी पाठवली आहे की ज्येष्ठमधाचा आणि रक्तदाबाचा काही संबंध आहे का. आहे. अल्डोस्टेरॉनचा जो ग्राहक आहे, त्याला अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांत फरक करता येत नाही, आणि रक्तात कॉर्टिसॉल शेकडो पटींनी जास्त असतं. मग ते सारखं दार का उघडत नाही? कारण त्या पेशीत एक एन्झाइम पहाऱ्यावर असतं, ते आलेल्या कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन त्या ग्राहकाला चिकटत नाही. ज्येष्ठमधातला गोड घटक या पहारेकऱ्यालाच झोपवतो. घसा बसला म्हणून एखादी काडी चघळली तर काही बिघडत नाही. पण आठवडेच्या आठवडे, रोज, भरपूर घेतलं, तर कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं. रक्तदाब चढलेला, पोटॅशियम खाली, आणि रेनिनही कमी, अल्डोस्टेरॉनही कमी, असा रिपोर्ट कधी हातात आला, तर पेशंटजवळ बसून एकदा विचारून बघा, खोकल्यासाठी घरी काय घेता म्हणून.