साठा पकडला म्हणजे लढा जिंकला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला. तपासाचा धागा दिल्लीपर्यंत गेला आणि मेफेड्रोनचा, म्हणजे सगळे ज्याला ‘एमडी’ म्हणतात त्याचा, सतराशे किलोंहून मोठा साठा हाती लागला. त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली गेली. मग बातम्यांत, चर्चांत आणि कट्ट्यावर एकच वाक्य फिरू लागलं : ड्रग्जच्या धंद्याचं कंबरडं मोडलं.

मोडलं नव्हतं. महिनाभरातच, मार्चमध्ये, मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावी एमडीचा आणखी एक कारखाना पकडला. कुरकुंभच्या आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना सापडला तेव्हाही कंबरडं मोडलंच होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात टाल्कच्या नावाखाली आलेल्या कंटेनरांतून २,९८८ किलो हेरॉइन निघालं, अंदाजे २१ हजार कोटींचं, तेव्हाही मोडलं होतं. इतक्या वेळा कंबरडं मोडलेला धंदा दर वर्षी उभा कसा राहतो, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं.

पोलिसांनी साठे पकडावेत, कारखाने बंद करावेत, यात वाद नाही. त्यात अधिकाऱ्यांची मेहनत असते, जोखीमही असते. चूक आहे ती पकडलेल्या किलोंना आणि कोटींना यशाचं माप समजण्यात.

आधी ते कोटी कुठून येतात ते पाहू. जप्त मालाचं मोल बहुतेक वेळा बाजारातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकाच्या भावाने केलं जातं. मुंद्र्याचा हिशेब त्या भावाने किलोमागे सात कोटींवर जातो. पण माल पाठवणाऱ्याचे तेवढे पैसे बुडालेले नसतात. ब्रिटिश पत्रकार टॉम वेनराइट यांनी २०१६च्या पुस्तकात कोकेनचा हिशेब मांडला आहे. एक किलो कोकेनला लागणारी कोकाची वाळलेली पानं कोलंबियात सुमारे ३८५ डॉलरना मिळतात. तेच किलो अमेरिकेत ग्रॅमाग्रॅमने विकलं जाईपर्यंत लाख डॉलरच्या पुढे जातं. मधली सगळी वाढ ही जोखमीची, लाचेची आणि वाहतुकीची किंमत आहे. उगमाजवळ किंवा वाटेत माल पकडला गेला, तर धंदेवाल्याचा तोटा होतो तो पुन्हा माल भरण्याच्या खर्चाएवढा. तेवढा तोटा त्याने आधीच हिशेबात धरलेला असतो.

एमडीच्या बाबतीत हे आणखी सोपं आहे. त्याला अफूसारखं शेत लागत नाही, हंगाम लागत नाही, सीमा ओलांडावी लागत नाही. औद्योगिक वसाहतीतला एक गाळा, रसायनशास्त्र कळणारा एक माणूस आणि एरवी कायदेशीर कामांसाठी विकली जाणारी रसायनं एवढ्यावर भागतं. हे द्रव्य २०१५ च्या फेब्रुवारीत एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. त्यानंतरही कारखाने निघतच राहिले, आणि तेही महानगरांपासून दूर, जिथे कुणी फारशी चौकशी करत नाही अशा ठिकाणी.

दुसरा आवडता दावा म्होरक्याचा : मोठा मासा पकडा, बाकीचे आपोआप संपतील. याची परीक्षा कोलंबियात होऊन गेली आहे. कोकेन टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार डिसेंबर १९९३ मध्ये मेडेलिनमध्ये मारला गेला. काली शहरातल्या टोळीचे प्रमुख १९९५ मध्ये गजाआड गेले. तरीही त्याच दशकात पेरू आणि बोलिव्हियातली कोकाची लागवड कमी झाली, तसतशी ती कोलंबियात वाढत गेली. अभ्यासक याला ‘बलून इफेक्ट’ म्हणतात : फुगा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या मोजणीनुसार कोलंबियात २००० साली १ लाख ६३ हजार हेक्टरांवर कोका होता. अमेरिकेचा पैसा, विमानातून फवारणी आणि लष्कर लावून २०१३ पर्यंत तो ४८ हजार हेक्टरांवर आणला गेला, आणि तेव्हाही विजय जाहीर झाला. २०२३ मध्ये तिथे २ लाख ५३ हजार हेक्टर कोका उभा होता.

अफगाणिस्तानचं उदाहरण याहून ठसठशीत. एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूवर बंदी घातली आणि ती कठोरपणे राबवली. एका वर्षात लागवड २ लाख ३३ हजार हेक्टरांवरून १० हजार ८०० हेक्टरांवर आली. जगात कुठल्याही पोलिसांना इतकं जमलेलं नाही. पण त्याच २०२३ मध्ये म्यानमार जगातला सर्वांत मोठा अफू उत्पादक देश झाला, अंदाजे १,०८० टनांचा. अफगाण शेतकऱ्यांचं अफूचं उत्पन्न वर्षभरात नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं आणि त्याची भरपाई कुणी केली नाही.

मग खरं माप कोणतं? नाकेबंदी यशस्वी होत असेल तर रस्त्यावरचा माल महाग आणि भेसळीचा व्हायला हवा. डॅन वेर्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात सरकारी आकडेवारीच्याच आधारे हे तपासलं. १९९० ते २००७ या काळात अमेरिकेत महागाई आणि शुद्धता लक्षात घेऊन हेरॉइनचा भाव ८१ टक्क्यांनी, कोकेनचा ८० टक्क्यांनी आणि गांजाचा ८६ टक्क्यांनी उतरला. तिन्हींची शुद्धता वाढली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं होतं, त्यानंतरच्या दशकांतली ही गोष्ट आहे.

टंचाई खरोखर झाली तरी काय होतं, हे व्यसन जवळून पाहिलेल्यांना ठाऊक असतं. गर्दची, म्हणजे हेरॉइनची, पुडी मिळाली नाही की काही तासांत ‘टर्की’ सुरू होते. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, पिंढऱ्या पिळवटून निघतात, उलट्या-जुलाब होतात, अंगावर काटा येतो, झोप जवळ येत नाही. अशा माणसाला भाव वाढल्याचं कळलं म्हणून तो घरी परतत नाही. मिळेल ते घेतो. भारतात नव्वदच्या दशकात अनेक शहरांतले गर्द ओढणारे ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं टोचून घेऊ लागले, आणि सामायिक सुयांबरोबर एचआयव्ही आला. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांवर नियंत्रण आलं तेव्हा लोक हेरॉइनकडे आणि मग हेरॉइनच्या कित्येक पट जालीम फेंटानिलकडे वळले. २०२२ मध्ये तिथे अतिमात्रेने १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं गेली. हे मृत्यू कुठल्याही जप्तीच्या पत्रकार परिषदेत मोजले जात नाहीत.

हे सगळं ऐकून दुसरा पक्ष लगेच म्हणतो की लढा हरलेलाच आहे, सगळं खुलं करा. हाही गैरसमजच, आणि तितकाच आळशी. उघडपणे विकली जाणारी दारू किती बळी घेते ते पाहावं : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात दारूमुळे २६ लाख आणि इतर मादक द्रव्यांमुळे ६ लाख मृत्यू झाले. शिवाय नियंत्रण कधीच जमत नाही हेही खोटं आहे. थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून अफू जवळजवळ हद्दपार झाली. पण त्याला काही दशकं लागली. डोई तुंगच्या डोंगरात राजमाता श्रीनगरिंद्र यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पासारखी कामं त्यामागे आहेत : आधी दवाखाना, रस्ता आणि रोजगार, मग कॉफी आणि मॅकाडेमियाची झाडं.

इथे हमखास पोर्तुगालचा दाखला निघतो, आणि तो बहुधा चुकीचा दिला जातो. पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केलेले नाहीत. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवसांच्या वैयक्तिक वापरापुरता साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. माणसाला न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जावं लागतं. विक्री हा आजही तिथे गुन्हा आहे. मुख्य म्हणजे त्याच वेळी उपचारांची सोय वाढवली गेली, आणि टोचून घेणाऱ्यांमधली नवी एचआयव्ही लागण उतरत गेली. अमेरिकेतल्या ओरेगॉनने २०२१ मध्ये अल्प साठा बाळगण्याची फौजदारी शिक्षा काढली, पण उपचारकेंद्रं उभी राहायला फार उशीर झाला. सप्टेंबर २०२४ पासून तिथे बाळगणं पुन्हा गुन्हा ठरलं.

सर्वांत बोलका दाखला झुरिकचा आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. प्लाट्सश्पिट्झ बागेत शेकडो माणसं उघड्यावर हेरॉइन टोचत होती. १९९२ मध्ये बाग बंद केली, तर गर्दी शहरात इतरत्र सरकली. मग स्वित्झर्लंडने पोलिसांच्या बरोबरीने मेथाडोन (हेरॉइनऐवजी दिलं जाणारं औषध), स्वच्छ सुया आणि १९९४ पासून अत्यंत गंभीर रुग्णांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देण्याचा मार्ग धरला. यामुळे तरुण बिघडतील, अशी ओरड झाली. ‘लॅन्सेट’मधल्या २००६च्या अभ्यासाने उलटं दाखवलं : झुरिक परिसरात नव्याने हेरॉइनकडे वळणारे १९९० मध्ये वर्षाला सुमारे ८५० होते, २००२ मध्ये १५०.

आता काही किरकोळ, पण चिवट समज.

‘फाशी द्या, बघा कसे सुतासारखे सरळ होतात.’ भारतात १९८९ पासून ड्रग्जचे काही गुन्हे पुन्हा करणाऱ्यांना सक्तीची फाशी होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती काढली. या तरतुदीने धंदा आटल्याचं कुठेही दिसलं नाही. फिलिपिन्समध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी सहा महिन्यांत ड्रग्ज संपवण्याचं वचन दिलं. पोलिसांच्या कारवायांत सहा हजारांहून जास्त माणसं मारली गेल्याचं सरकारी आकडेच सांगतात, ड्रग्ज मात्र आहेत.

‘एकदा घेतलं की संपलंच.’ अमेरिकेतल्या १९९४च्या एका मोठ्या अभ्यासात हेरॉइन घेऊन पाहणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के त्याच्या आहारी गेले, तंबाखूच्या बाबतीत ३२ टक्के. चारांत एक हा धोका प्रचंड आहे. तो फुगवून सांगितला की मुलं खऱ्या धोक्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

‘गांजा झाडपाला आहे, त्याने काही होत नाही.’ अफूही झाडापासूनच निघते.

‘मनात आणलं तर सुटतं.’ व्यसन हा आजार आहे आणि त्याला औषधं आहेत. सोर्दो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘बीएमजे’त अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की मेथाडोनच्या उपचारात टिकलेल्यांचा मृत्युदर उपचार सुटलेल्यांच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी असतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात उपचारानंतरचा पाठपुरावा इतका महत्त्वाचा मानला जातो तो याचसाठी. पुन्हा घसरणं हा या आजाराचाच भाग आहे.

आणि शेवटी तो समज, ज्यामुळे घरचे लोक महिनोन्‌महिने गप्प बसतात : दवाखान्यात नेलं तर पोलीस पकडतील. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूवर्गीय पदार्थांच्या वापराची गंभीर समस्या आहे, आणि उपचारांपर्यंत पोहोचणारे त्यात फार थोडे आहेत. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत मदत क्रमांक १४४४६ आहे.