परीक्षा पास, पण पुढे?

नाशिकला १८६६ साली जन्मलेली एक मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. पदवीच्या परीक्षेत तिने पहिला क्रमांक मिळवला. त्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. हिला ती मिळाली नाही. कारण एकच, ती मुलगी होती!

ही कॉर्नेलिया सोराबजी. शिष्यवृत्ती नाकारली तरी बाई हटल्या नाहीत. काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परीक्षा झाली, पण पदवी? ती विद्यापीठाने त्यांच्या हाती ठेवली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी!

हिंदुस्थानात परतल्यावर त्यांनी मुंबईची एलएल.बी. आणि अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली. तरी न्यायालयात उभे राहण्याची सनद काही मिळेना. पडद्यातल्या विधवांच्या जमिनी कारभारी गिळंकृत करीत होते आणि त्या बायकांना परक्या पुरुष वकिलाशी बोलताही येत नव्हते. १९०४ साली बंगाल सरकारने या कामी बाईंची नेमणूक केली. सहाशेच्या वर बायकामुलांना त्यांनी आधार दिला. राजकारणात त्या ब्रिटिशांच्या बाजूच्या; त्यांची ती मते पुष्कळांना रुचली नाहीत. पण पडद्याआडच्या त्या विधवांना त्यांच्यावाचून दुसरे कोण होते?

'तो' म्हणजे कोण?

१९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा या उच्चशिक्षित तरुणीने सनद मागितली. कायद्यात वकिलाचा उल्लेख 'तो' असा होता. खरे तर कायद्याच्या भाषेत पुल्लिंगात स्त्रीलिंगही सामावते, असा सर्वसाधारण नियम होताच. परंतु कलकत्त्याच्या न्यायमूर्तींनी निकाल दिला, की हा कायदा करणाऱ्यांच्या मनात स्त्रिया नव्हत्याच. पाच वर्षांनी पाटण्याच्या न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांनाही परत पाठवले. त्याच १९२१ साली अलाहाबादच्या न्यायालयाने मात्र कॉर्नेलियाबाईंची नोंद करून घेतली. एकच कायदा, एका गावी दार बंद, दुसऱ्या गावी उघडे! शेवटी १९२३ च्या कायद्याने हा घोळ मिटवला. केवळ स्त्री म्हणून कोणालाही वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही, असे ठरले.

मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणजे मिठान टाटा, पुढच्या मिठान लाम. त्यांच्या पहिल्या खटल्याची हकीकत मोठी मासलेवाईक आहे. अशिलाची बाजू इतकी भक्कम होती, की कोणीही वकील दिला तरी तो जिंकणारच होता. त्याला हवे होते एवढेच, की प्रतिपक्षाची एका बाईकडून हार व्हावी आणि त्याची नाचक्की व्हावी! बाईंनी खटला घेतला. हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नव्हे. पहिले काम मिळाले, तेही बाई म्हणजे कमीपणा, या समजुतीपायीच.

वयाचे गणित

वाचकहो, हे झाले जुने. आता पुढचे पाहू. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ चे. तिथे पहिल्या महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, आल्या १९७८ साली. सर्वोच्च न्यायालय १९५० चे. तिथे न्या. फातिमा बीवी आल्या १९८९ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. त्या न्यायालयात निवृत्ती पासष्टाव्या वर्षी. म्हणजे पुरती तीन वर्षेही हाती उरली नाहीत. १९५० पासून २०२१ अखेरपर्यंत तिथे स्त्रिया आल्या अवघ्या अकरा.

खरी मेख इथे आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्तींनी सरन्यायाधीश व्हावे, असा प्रघात आहे. ज्याला तरुण वयात वर नेले, तो खुर्चीपर्यंत पोहोचतो. ज्याला उशिरा नेले, तो वाटेतच निवृत्त होतो. हा क्रम पाळला गेला, तर २०२७ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील. त्यांच्या वाट्याला दिवस येतील छत्तीस!

बायका हुशार नाहीत, असे म्हणावे तर खालच्या न्यायालयांकडे पाहा. तिथली बरीचशी भरती परीक्षेने होते. २०२३ मध्ये तिथल्या शंभर न्यायाधीशांत सुमारे छत्तीस स्त्रिया होत्या. उत्तरपत्रिकेला स्त्रीपुरुष कळत नाही. पण जिथे कोणीतरी नाव सुचवायचे असते, तिथे हे प्रमाण झरझर उतरते.

नाव केव्हा सुचते? मोठे खटले चालवलेले दिसले म्हणजे. मोठे खटले केव्हा मिळतात? छोटे मिळाले म्हणजे. आणि तिशीत, मूल लहान असताना, दोन वर्षे दप्तर मिटले, की अशील दुसऱ्याच्या पायऱ्या चढू लागतो. त्याच वयातल्या पुरुष वकिलाला मूल झाले, तर त्याच्या घरी पेढे येतात, त्याचे खटले जात नाहीत.

माझे एक वकील स्नेही आहेत. मोठे सज्जन गृहस्थ. त्यांच्या हाताखालच्या मुलीने तयार केलेले मुद्दे ते नेहमी वाखाणतात. न्यायालयात ते मांडतो मात्र दुसराच. मी कारण विचारले. ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो, पण अशील काय म्हणेल?"

हा अशील कोण? तुम्ही आणि मी! घराच्या वाटणीचा, भाडेकरूचा, फसलेल्या व्यवहाराचा कागद घेऊन आपणच वकिलाकडे जातो. पुढच्या खेपेस "हे मुद्दे जिने काढले, तिलाच उभी करा" असे सांगून पाहावे. मिठानबाईंना पहिले काम मिळाले ते दुसऱ्याची नाचक्की करण्यासाठी. या मुलीला ते तिच्या कामाच्या भरवशावर मिळू द्या. आणि ते आताच द्या. तिशीत अडलेली वकील साठीत खुर्चीपर्यंत कशी पोहोचणार?