ऑर्लोव्हची चांदी

अठराव्या शतकात चांदीची भांडी घडवण्यात पॅरिसच्या कारागिरांचा हात धरणारं युरोपात कुणी नव्हतं. तरीही त्यांच्या उत्तम कामातलं बरंचसं टिकलं ते फ्रान्सबाहेर. घरची चांदी युद्धांनी खाल्ली. १६८९ मध्ये चौदाव्या लुईने व्हर्सायमधलं स्वतःचं चांदीचं फर्निचर आटवून नाणी पाडली. १७५९ मध्ये, सप्तवार्षिक युद्धात खजिना आटल्यावर, सरदारांच्या घरची भांडीही टाकसाळीत गेली.

म्हणून रशियाला गेलेल्या एका मोठ्या संचाचं मोल फार. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७७० मध्ये झाक रोएतिए आणि त्याचा मुलगा झाक-निकोला यांना सुमारे तीन हजार नगांचं काम दिलं. मध्यस्थ होता शिल्पकार फाल्कोने. सेंट पीटर्सबर्गमधला पीटर द ग्रेटचा अश्वारूढ पुतळा त्याचाच. १७७२ मध्ये तिने हा संच ग्रिगोरी ऑर्लोव्हला दिला. दहा वर्षांपूर्वी तिला गादीवर बसवणाऱ्यांत तो होता. १७८३ मध्ये तो वारला, आणि तिने संच परत विकत घेतला.

त्या काळच्या चांदीच्या ताटाची मला पाठ जास्त आवडते. ठोकून ठोकून चांदी कडक होते, तडकू लागते. म्हणून ती पुन्हापुन्हा तापवून मऊ करायची, मग ठोकायची, शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने घावांच्या खुणा बुजवायच्या. पाठीवर कारागिराचा छाप, कराचे छाप आणि चांदीचा कस तपासल्याचा वर्षाक्षर असलेला छाप. पुष्कळ ताटांवर नगाचा क्रमांक आणि वजनही कोरलेलं असतं, कारण एखादं ताट चोरीला गेलं किंवा कुणी कडा तासली तर ते कळायला हवं. पुढच्या बाजूला सुरीचे बारीक ओरखडे असतील तर ते घासून काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या ताटात कुणीतरी जेवल्याचा पुरावा तेवढाच असतो.

क्रांतीनंतर परकीय चलनासाठी सोव्हिएत सरकारने या संचातले नग विकायला काढले. काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. काही पॅरिसच्या मोईझ द कामोंदो या संग्राहकाने घेतले, म्हणजे चांदी गावी परतली. त्याचा वैमानिक मुलगा निसिम १९१७ मध्ये युद्धात मारला गेला होता. कामोंदोने वाडा संग्रहासकट मुलाच्या नावाने देऊन टाकला. १९३६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. देणगीची अट अशी की, त्यातली कुठलीही वस्तू प्रदर्शनासाठीसुद्धा बाहेर द्यायची नाही.