मळणी यंत्राच्या पोटात

दसऱ्याच्या मागेपुढे मंगरूळपीर तालुक्यात सोयाबीनच्या गंज्या फुटतात आणि शेतोशेती थ्रेशर फिरू लागतो. एकीकडून झाड आत जाते, दुसरीकडून दाणा आणि कुटार बाहेर येते. मधे काय घडते ते पत्र्याआड असते. मजुराने ते बहुधा कधी पाहिलेलेच नसते, आणि हात सापडतो तो नेमका तिथेच.

आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक वर्गात इंजिनाचे ‘कट सेक्शन’ मॉडेल असते. सिलिंडरची भिंत कापलेली, आत पिस्टन वरखाली होताना दिसतो. भंगारातल्या थ्रेशरचे असे मॉडेल करता येते आणि खेड्यात त्याची गरज इंजिनाच्या मॉडेलपेक्षा जास्त आहे.

आधी बेल्ट आणि ट्रॅक्टरचा जोड काढून टाकायचा. ड्रमच्या बाजूच्या पत्र्याला खिडकी कापायची. आस, बेअरिंग आणि ड्रमचे दाते मात्र अखंड ठेवायचे, नाहीतर गती दिसणार नाही. पातळ पत्रा गॅस कटरने वाकतो, म्हणून ग्राइंडर किंवा करवत बरी. कापलेल्या कडा कानशीने बोथट करून लाल रंगवतात, म्हणजे मूळचे भोक कोणते आणि दाखवण्यासाठी कापलेले कोणते, हे कळते. ग्राइंडर चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. बुबुळात रुतलेला लोखंडाचा कण दुसऱ्या दिवशी गंज सोडू लागतो. इंजिन कापायचे असेल तर डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी नेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते.

शेवटी ड्रमला हाताने फिरवायचा दांडा बसवायचा. सावकाश फिरवला की प्रत्येक दाता मोजता येतो. खऱ्या मळणीत ड्रमचे मिनिटाला 600 फेरे धरले, तर सेकंदाला दहा झाले. धोका दिसल्यापासून हात मागे घ्यायला सुरुवात होईपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ड्रम अडीच वेळा फिरलेला असतो. ‘मी चपळ आहे’ या भरवशाला इथे अर्थ उरत नाही.

याच मॉडेलवर पीक सारायच्या तोंडाचे मापही दाखवता येते. भारतीय मानकानुसार (आयएस 9020) हे तोंड किमान 90 सेंटीमीटर लांब आणि त्यातले 45 सेंटीमीटर वरून झाकलेले असावे. खांद्यापासून बोटापर्यंतचा हात साधारण 70 सेंटीमीटरचा, म्हणजे तो ड्रमपर्यंत पोचतच नाही. काम भराभर उरकावे म्हणून हे झाकण काढणारे मालक आहेत. थ्रेशरसारख्या यंत्रांसाठी 1983 पासून धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे, पण शेतातल्या मजुराच्या तो क्वचितच कानावर पडतो.

सोंगणीआधी असे मॉडेल बाजार समितीच्या आवारात ठेवावे. दांडा फिरवत आत तुराटी सारली की दाते ती कशी ओढून घेतात, ते पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. खिडकीवर जाड ॲक्रिलिक बसवायला मात्र विसरू नये. पोरे तिथेही बोट घालतात.