तळहाताला गादी कळत नाही

गादी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी ती हाताने दाबून बघतं. मग काठावर टेकतं आणि विचारतं, "कडक आहे ना? पाठीला कडकच लागते." मिरजेत आमचं गाद्यांचं दुकान वडिलांपासूनचं. ते कापूस पिंजून गाद्या भरून देत. मी काथ्या, फोम, स्प्रिंग, लॅटेक्स सगळंच विकते. गिऱ्हाइकाला माझं पहिलं सांगणं असतं : चपला काढा आणि आडवे व्हा.

कडक गादीचा आग्रह आता सोडायला हवा. 2003 साली 'द लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या 313 जणांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी दिली. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला. फार कडक गादीत खांदा आणि खुबा रुतत नाहीत, कंबर अधांतरी राहते. फार मऊ गादीत जड भाग खाली जातो आणि पाठ वाकते. 'ऑर्थोपेडिक' असं छापलेलं असलं, तरी आत काय भरलंय ते त्यावरून कळत नाही.

उताणं झोपून कमरेखाली हात सरकवा. अलगद आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक, शिरलाच नाही तर मऊ. जरा घासत गेला तर ठीक. मग नेहमीच्या कुशीवर वळून दहा मिनिटं तसेच पडून राहा. दोघांसाठी घेत असाल तर दोघांनीही झोपून बघा. एक काका काकूंना खुर्चीत बसवून एकटेच गादी पारखत होते. काकूंनाही आडवं व्हायला लावलं, तर त्या उतारावरून काकांच्या अंगावरच आल्या! ती एकमेकींत गुंतलेल्या स्प्रिंगांची गादी होती. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र पिशवीत असते, त्यामुळे एकाची हालचाल दुसऱ्याला कमी जाणवते.

फोम घेताना डेन्सिटी विचाराच. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन, कडकपणा वेगळा. मऊ फोमही जास्त डेन्सिटीचा असू शकतो, आणि एरवी तोच जास्त टिकतो. शंका आली तर सरळ वजन करा. 78 बाय 72 इंची, सहा इंच जाडीची अख्खी गादी 32 डेन्सिटीची असेल, तर नुसता फोम साधारण साडेसतरा किलो भरतो. 40 ची असेल तर 22 किलो.

मेमरी फोम उबेने मऊ होतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पंख्यावर झोपणाऱ्यांनी तो विचार करूनच घ्यावा. कोकणातल्या दमट हवेत कापूस ओल धरतो. त्या गादीला वरचेवर ऊन दाखवावं लागतं. फोम आणि लॅटेक्स मात्र उन्हात टाकू नयेत, सावलीत वारा द्यावा.

पलंग सुताराने केलेला असेल तर तो आतून मोजून या. आणि बिलावर डेन्सिटी, जाडी आणि किती खोल खड्डा पडला तर गादी बदलून मिळेल, हे लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करत असेल, तर पुढचं दुकान बघा.