साठीचा उंबरठा (भाग ७) : जमिनीवरून उठताना

पंगतीत बसताना माणसाचं वय कळत नाही, उठताना कळतं. आमच्या जालना जिल्ह्यातल्या खेड्यांत लग्नात आजही सतरंज्या अंथरून पंगती बसतात. जेवणं आटोपली की बघावं. कुणी मांडी सोडून सरळ उभं राहतं. कुणी एक हात जमिनीवर टेकतं, कुणी दोन्ही. कुणी शेजारी बसलेल्या भाच्याचा खांदा शोधतं. काही जण तर मुळात खाली बसतच नाहीत, आल्या आल्या खुर्ची मागतात. खुर्ची मागणाऱ्यांत सत्तरीतले शेतकरी मला क्वचित दिसतात. नुकतेच निवृत्त झालेले आमच्यासारखे नोकरदार मात्र हमखास दिसतात.

या साध्या उठण्याबसण्याला डॉक्टरांनी गुण दिले आहेत. ब्राझीलमधले डॉ. क्लॉडिओ गिल अराऊजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीवर बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण वजा. ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. हात टेकल्याने कुणी मरत नाही. पण मांड्यांतली ताकद, शरीराचा तोल आणि सांध्यांची लवचिकता या तिन्हींचा हिशेब त्या एका उठण्यात दिसतो.

गेल्या आठवड्यात आपण झोपेबद्दल बोललो. आजचा विषय पळण्याचा आहे, पण सुरुवात मी मुद्दाम पंगतीपासून केली. साठीच्या आसपास पळायचं ते पदकासाठी नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठता यावं, यासाठी पळायचं.

नोकरीबरोबर काय जातं?

राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी निरोपाचा नारळ मिळतो. त्या दिवशी पगार थांबतो हे सगळ्यांना दिसतं. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट थांबते, तिच्याकडे लक्ष जात नाही. मी शिक्षिका होते. रोज चार-पाच तास उभं राहणं, वर्गावर्गांत फिरणं, जिने चढणं, बस पकडायला झपाझप चालणं, याला मी कधी व्यायाम म्हटलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते सगळं एका फटक्यात बंद झालं आणि घरातला सोफा जवळचा झाला.

असं बसून राहणं शरीराला काय करतं, हे अमेरिकेतल्या डॅलस शहरात झालेल्या एका प्रयोगाने फार स्पष्ट दाखवलं. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. कष्ट करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही त्यांची क्षमता तेवढ्या दिवसांत सुमारे २७ टक्के घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते, वजनं वाढलेली होती. तरी मधल्या तीस वर्षांत त्यांची क्षमता सुमारे १२ टक्केच घटली होती. वयाच्या तीस वर्षांनी केलं नाही तेवढं नुकसान तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केलं होतं. मग त्यांच्याकडून सहा महिने चालणं, हळू पळणं आणि सायकल चालवणं असा बेताबेताने वाढत जाणारा व्यायाम करून घेतला, आणि वयाने गमावलेली ती क्षमता त्यांनी भरून काढली.

त्याहून जुना एक अभ्यास आपल्या एसटी स्टँडवर उभं राहून वाचावा असा आहे. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या चालक आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. पगार, वस्ती, राहणी साधारण सारखीच. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकाराचं प्रमाण चालकांमध्ये लक्षणीय जास्त निघालं. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षं जगले.

"पण गुडघे जातील ना!"

पळते असं सांगितलं की समोरून पहिलं हेच वाक्य येतं. त्यामागे खरी काळजी असते, म्हणून नीट उत्तर देते. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून तिचं पोषण होतं. भार पडला की ती दाबली जाते, भार उठला की द्रव आत शोषून घेते. म्हणजे बेताचा आणि नियमित भार ही तिची गरज आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. जेम्स फ्राइज यांच्या गटाने १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेले धावपटू आणि न धावणारे लोक यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. धावणाऱ्यांच्या गुडघ्यांत संधिवात जास्त आढळला नाही. दैनंदिन कामांत येणारी असमर्थता त्यांना बरीच उशिरा आली. १९ वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोक मरण पावले होते, धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. धावणारी मंडळी मुळातच थोडी निरोगी असतात, हे अभ्यासकांनाही ठाऊक होतं. त्याचा हिशेब धरूनही फरक उरला.

मात्र ज्यांच्या गुडघ्यांची झीज आधीच पुढे गेली आहे, चालतानाही दुखतं, सूज येते किंवा वजन फार आहे, त्यांनी पळू नये. त्यांच्यासाठी चालणं, सायकल आणि पोहणं आहे. त्यात कमीपणा काहीच नाही.

अनवाणी लताबाई आणि आपण

या वयातल्या धावण्याचं आपल्या भाषेतलं सर्वांत ठळक उदाहरण लता भगवान करे यांचं. मूळचं कुटुंब शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं, मजुरीसाठी बारामतीजवळ स्थिरावलेलं. पतीच्या आजाराच्या तपासण्यांना पैसे नव्हते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात उतरल्या आणि जिंकल्या. पुढच्या वर्षीही जिंकल्या. त्यांच्या आयुष्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली.

हे ऐकून उद्या पहाटे बूट न घालता पळत सुटावं असं वाटेल. तसं करू नका. लताबाईंचे पाय स्पर्धेच्या दिवशी तयार झाले नव्हते. शेतातल्या मजुरीने ते चाळीस वर्षं घडवले होते. तीस वर्षं खुर्चीत घालवलेल्या पायांनी आधी घडायला वेळ घ्यावा.

राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी जालन्याहून पायी जाणाऱ्यांत हाच फरक दिसतो. पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर. रानात राबणारी म्हातारी सकाळी पोहोचून दर्शन घेऊन परतीला लागते. वर्षभर न चाललेला चाळिशीतला माणूस वाटेत पोटरी धरून बसतो. मुक्ताबाईंची पालखी आषाढीसाठी आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. तिच्यासोबत आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या साठी-सत्तरीच्या बायका मी पाहते, तेव्हा सवयीचं बळ काय असतं ते कळतं.

दुडकी चाल

आधी डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर आणि गरज वाटल्यास हृदयाची तपासणी करून घ्या. मधुमेह जुना असेल तर तळपायांची संवेदना तपासून घ्या. बूट चावलेला कळला नाही तर छोटी जखम मोठी होते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाच्या वेळा आणि खाणं डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि खिशात गूळ-साखर असू द्या.

पहिले चार आठवडे फक्त चालायचं. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. हात हलवत, झपाझप. पाचव्या आठवड्यापासून एक मिनिट दुडक्या चालीने पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं. असे सात-आठ फेरे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. दर दोन आठवड्यांनी पळण्याचं अर्धं मिनिट वाढवलं तरी पुरे. वेगाची कसोटी सोपी आहे : पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, म्हणून मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही कसोटी भरवशाची.

सगळ्यात मोठा धोका सहाव्या-सातव्या आठवड्यात येतो. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, दम लागेनासा होतो, हुरूप येतो. पण स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे तयार व्हायला महिने लागतात. मी ५६ व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा नेमकी इथेच चुकले. एका सकाळी पुढे पळणाऱ्या मुलींना गाठायला गेले आणि पोटरीत कळ आली. पाच आठवडे घरी बसले. तेव्हापासून एकच नियम पाळते : आज हवं होतं त्यापेक्षा थोडं कमी पळून परत यायचं.

पळणं एकटं पुरत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं माप असं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. ६५ नंतर किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींसाठी. चालणारे-पळणारे बहुतेक जण हा दुसरा भाग सोडून देतात. साठीनंतर स्नायू झपाट्याने घटतात, बायकांची हाडं पाळी गेल्यानंतर ठिसूळ होऊ लागतात, आणि ही घट नुसत्या चालण्याने थांबत नाही.

उशीर झाला असं मात्र कुणी म्हणू नये. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या लोकांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीत हे होतं, तर साठी म्हणजे ऐन उमेद.

यासाठी जिम लागत नाही. आपल्याकडे जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार आहेत. बलोपासनेचा आग्रह धरणाऱ्या समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत झाला. नाशिकजवळच्या टाकळीला ते रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. आपण बारापासून सुरुवात करू. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठायचं-बसायचं, ही आपली बैठक. भिंतीला हात लावून दहा जोर. ओट्याला धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा. दात घासताना एका पायावर उभं राहणं, आधी ओट्याला बोट लावून, मग सोडून. असं आठवड्यातून तीन दिवस. ज्यांचा रक्तदाब किंवा काचबिंदूचा त्रास आहे, त्यांनी डोकं खाली जाणारी आसनं विचारल्याशिवाय करू नयेत.

कुठे आणि केव्हा

जालन्यात मोती तलावाचा परिसर आहे, आझाद मैदान आहे. तालुक्याच्या गावी शाळेचं पटांगण असतंच. डांबरापेक्षा मुरमाची वाट पायांना बरी. पावसाळ्यात काळ्या रानातली वाट टाळा, पाय घसरतो. रस्त्यानेच जावं लागत असेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने जा आणि अंधारात उजळ कपडे घाला. एप्रिल-मेमध्ये सात वाजायच्या आत घरी या. वयाबरोबर तहान कमी जाणवते, म्हणून निघण्याआधी पाणी प्या. डिसेंबरच्या थंडीत आधी घरातच पाच मिनिटं हातपाय हलवून अंग गरम करा.

छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. 'पित्त असेल' म्हणून घरी जाऊन पडू नका.

बायकांना एक वेगळं सांगते. पहिले काही दिवस लोक बघतात. बघू द्या. साडीवर बूट घातले तरी चालतं, शेजारणीला सोबत घेतलं तर आणखी बरं. तीन महिन्यांनी तेच लोक वेळ विचारायला येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

पलंगाजवळ सतरंजी अंथरा, घरातल्या कुणाला तरी जवळ उभं करा. सावकाश खाली बसा आणि उठा. हात किती वेळा टेकला, गुडघा किती वेळा टेकला, ते दिनदर्शिकेवर आजच्या तारखेखाली लिहून ठेवा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे करू नये, त्यांनी खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजावं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजू.

पळायला लागले तेव्हा माझे दोन्ही हात टेकत होते. आज ६३ व्या वर्षी एकही टेकत नाही. मधल्या सात वर्षांत मी कुठलीही शर्यत जिंकलेली नाही. पण पंगतीत मी खाली बसते, आणि उठताना शेजारच्या आजीला हात देते.

पुढच्या आठवड्यात : या स्नायूंना खायला काय द्यायचं? ज्वारीची भाकरी, डाळ, दही आणि शेंगदाणे यांचा हिशेब.